पेटीवरची टिकली

तायडे सरांशी माझं पहिलं भांडण सात मिनिटांवरून झालं.

मी अमरावतीहून रोज अपडाऊन करणारी. अंधारात उठून स्वयंपाक, दोन डबे, दर्यापूरची गाडी, मग फाट्यावर उतरून दीड किलोमीटर पायी. एवढी मरमर करून मी शाळेत वेळेवर पोचायचे आणि माझा विज्ञानाचा पहिला तास मात्र सात मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. का, तर प्रार्थना लांबली. मागची रांग नुसती उभी आहे, गात नाही, असं तायडे सरांना वाटलं की ते पेटीचा भाता थांबवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." रागावणं नाही, ओरडणं नाही. कधी कधी तीन तीनदा पुन्हा. मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं आणि हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, ही शाळा आहे की भजन मंडळ, ते एकदा ठरवा बाप्पा.

तायडे सर तिथंच कोपऱ्यात हजेरी भरत बसलेले. मला काय माहीत! त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले की बाईंचं बरोबर आहे, उद्याची प्रार्थना बाईंनीच घ्यावी. मला वाटलं, मारला टोमणा. त्या माणसाला टोमणा मारताच येत नाही, हे कळायला मला पुढं दोन वर्षं लागली.

पेटी मला थोडी यायची. लग्नाआधी शिकले होते, पाहुणे बघायला आले की एक गाणं म्हणता यावं एवढ्यापुरती. दुसऱ्या दिवशी मी ठसक्यात पेटीसमोर बसले, बोट पडलं तिथून सुरू केलं आणि पहिलं कडवं झोकात गेलं. दुसऱ्या कडव्याला सूर वर चढला आणि नववीच्या पोरांचे गळे एकेक करून फाटायला लागले. एकाचा तर असा कोंबडा आरवला की सगळं मैदान हसलं. हसू आवरेपर्यंत बारा मिनिटं गेली. सर मागं निंबाखाली उभे होते. ते हसले नाहीत, एवढं मी बघून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर मधल्या एका पट्टीवर मरून रंगाची टिकली चिकटवलेली. मी सरांकडं पाहिलं. म्हणाले, बायकोच्या, म्हणजे आमच्या तायडे वहिनींच्या, पाकिटातली आहे. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, इथून सुरू करा. म्या असलो नसलो तरी इथूनच. पोतं कसं उचलते मानूस? खालून. वरून ओढलं का फाटते." आणि तळहात आभाळाकडं करून त्यांनी एक काहीतरी जड उचलल्यासारखं केलं. तो त्यांचा हात मी पुढं चोवीस वर्षं पाहिला. पोरांचा आवाज दबला की तळहात वर. हेडमास्तर चिडले की तळहात वर. माझी गाडी चुकली आणि मी तणतणत शाळेत शिरले तरी तळहात वर. खालून उचला.

सरांचं पद हिंदीचं. गाण्याचं पद आमच्या शाळेत कधी नव्हतंच. पण त्यांच्या वडलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात चार जिल्हे फिरायचे ते लोक, आणि हे मधलं पोरगं पेटीमागं झोपून, पेटीमागं जागं होऊन वाढलं. तीच पेटी ते सायकलच्या कॅरेजवर, वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळून शाळेत आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे. घर शाळेच्या समोरच, रस्ता ओलांडला की. तेवढ्यासाठी सायकल कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, पेटीले हिसके नाही बसले पाह्यजे. स्वतः मात्र पायी चालायचे, सायकल हातात धरून. सायकलीवर बसलेले तायडे सर मी कधी पाहिले नाहीत.

किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात बडीशेपेची डबी. चष्म्याची एक काडी कायम दोऱ्यानं बांधलेली. वर्गात गोंधळ झाला की आम्ही सगळे आवाज चढवायचो, हे उतरवायचे. इतका उतरवायचे की पुढच्या बाकालाच ऐकू येईल. मग मागचे बाक पुढच्यांना गप्प करायचे. ही युक्ती मी माझ्या वर्गात करून पाहिली. पोरांना वाटलं मॅडमचा घसा बसला. कुणीतरी आल्याचा तुकडा आणून दिला.

टिकली झिजायची, पडायची. सर नवी लावायचे. वहिनींनी टिकली बदलली की पेटीवरचीही बदलायची. मरून गेली, हिरवी आली, एका दिवाळीत चमकीची आली. सर रजेवर असले की प्रार्थना माझ्याकडं असायची, वर्षातून दहा-पंधरा दिवस. पेटी उघडायची, टिकली बघायची, बोट ठेवायचं. त्या पट्टीचं नाव काय, हे मी चोवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. गरजच पडली नाही.

एकदा अमरावतीला समूहगानाची स्पर्धा होती. नियम दहा जणांचा. सरांनी आठवीचा अख्खा वर्ग आणला, अडतीस पोरं! मी सोबतीला होते, मला वाटलं होतं बाकीची पोरं बघायला आली आहेत. तर हे सगळ्यांना घेऊन स्टेजवर. आयोजक धावत आले, नियमाचा कागद दाखवला. सरांनी कागद नीट वाचला, परत दिला आणि सांगितलं की आम्हाला नंबर नका देऊ, पण म्हणू द्या. शेवटी स्पर्धेबाहेर म्हणू दिलं. नेहमीच्या त्या खालच्या सुरात म्हणाली पोरं. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या परीक्षक बाई शेजारणीला म्हणाल्या, विहिरीतून आल्यासारखं वाटतं नाही?

परतीच्या गाडीत मी सरांना धारेवर धरलं. दहा चांगले गळे निवडले असते तर ढाल आपली होती. सर खिडकीतून बाहेर बघत बडीशेप चघळत होते. म्हणाले, "दहा जन जिंकले असते बाई. अठ्ठावीस जन उद्यापासून गायचे बंद झाले असते." मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर ढाल शाळेच्या कपाटात असती तर बरं दिसलं असतं, असं मला आजही वाटतं.

आता शेषराव भाऊंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आलं.

शेषराव भाऊ आमचे शिपाई. सातवीतून शाळा सुटलेली, आवाज खणखणीत, गावातल्या खंजेरी भजनात पुढं. आमच्या शाळेला घंटा नाही, टोल आहे. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा निंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला, आणि वाजवायला लोखंडी गज. शेषराव भाऊ प्रार्थनेचा टोल द्यायचे आणि गज खाली ठेवून तिथंच, टोलापाशी, हात जोडून पोरांबरोबर प्रार्थना म्हणायचे. सगळी प्रार्थना. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना ते खटकलं. शिपाई प्रार्थनेत काय करतो, चहापाण्याचं कोण बघतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. हेडमास्तर घाबरले. सर पेटीवरून उठले आणि म्हणाले, "साहेब, हा आमच्या शाळेतला पयला गवय्या हाय. चहा म्या आणतो." आणि खरंच आणला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला तो ठेवलाच.

त्याला चहा करणाऱ्याचा इलाज नव्हता. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा खारट लागतो. मी अमरावतीहून पाण्याची बाटली भरून आणायचे, रोज, न चुकता. एकदा वर्गात मी शाळेच्या बोअरचं पाणी चिनी मातीच्या वाटीत आटवून दाखवलं. तळाला पांढरा थर राहिला. पोरं बघतच राहिली. सर खिडकीतून पाहत होते. तास संपल्यावर मी त्यांना म्हटलं की बघितलं ना, आता तरी घरून फिल्टरचं आणत जा. ते बोअरकडं गेले, गिलास भरला आणि माझ्यासमोर प्यायले. "लेकरं हेच पेतात, बाई. म्या येगळं पेलो तं त्याईले काय सांगू?"

मला एवढा संताप आला. लेकरांचं खारं पाणी पिणं थांबत नव्हतं ते यांच्या पिण्यानं, मग कशाला? मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझी बाटली मात्र त्यानंतर मी पिशवीतच ठेवून प्यायला लागले, टेबलावर ठेवायची लाज वाटायची.

सरांची किडनी गेली ती पाण्यानंच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बीपी होतं, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या होत्या, अनेक कारणं सांगितली. पण आमच्या एका गावात सहा जण अकोल्याला डायलिसिसला जायला लागले, हे मी मोजून सांगू शकते, कारण त्यातले दोन आमच्या शाळेतले. आधी सर. वर्षाच्या आत शेषराव भाऊ.

सोमवार आणि गुरुवार. सकाळची एसटी, मध्ये एकदा बदलायची, अकोल्याच्या स्टँडवरून ऑटो, चार तास मशीनवर, आणि तसंच परत. मशीनवरून उठलेल्या माणसाच्या अंगात जीव नसतो. एकदा परतीची गाडी हुकली आणि दोघं स्टँडच्या बाकावर तीन तास आडवे पडून होते. पावसात नाला भरला की गाडीच यायची नाही, मग पाळी चुकायची, मग अंगावर सूज. सर या सगळ्याबद्दल एक अक्षर तक्रारीचं बोलायचे नाहीत. डाव्या हाताला मशीनच्या सुया टोचायला दोन शिरा जोडून फिस्टुला केला होता, त्या हातावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणजे पेटीचा भाता बंद. मग दहावीची एखादी पोरगी भाता मारायची आणि सर उजव्या हातानं वाजवायचे. मला एकदा म्हणाले, हात लावून पाहा इथं. मी बिचकत त्यांच्या मनगटाच्या वर बोटं टेकवली. आत रक्त थरथरत वाहत होतं. "तानपुरा लागला हाय आतमधी," म्हणाले. "चोवीस तास. फुकट."

त्याच एसटीत सरांनी गाणं केलं. सर शब्द जुळवायचे, शेषराव भाऊ पुढच्या सीटच्या दांड्यावर ताल धरायचे, आणि कंडक्टरसकट गाडी ऐकायची. दोन महिन्यांत गाणं पुरं झालं.

"पानी खारं आमच्या गावचं,
बोल मातर गोड रे,
एकट्यानं नाही उचलत भारा,
हात लाव, हात जोड रे."

सरांच्या मनात होतं की हे गाणं शाळेनं रेकॉर्ड करायचं, गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं, वर्गणी गोळा करायची, आणि त्यातून डायलिसिसला जाणाऱ्यांसाठी गावाची एक गाडी उभी करायची. घरून उचलेल, घरी सोडेल. आणि सुरुवात शेषराव भाऊंच्या आवाजात, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. भाऊ नको म्हणत होते तर सरांनी त्यांच्याकडून शब्द घेतला.

पोळ्याच्या आठवड्यात सर गेले. पेटी वहिनींनी शाळेला दिली. ती कपाटात गेली आणि प्रार्थना मोबाइलवरून भोंग्यावर लागायला लागली. माझा पहिला तास आता वेळेवर सुरू व्हायचा.

गाणं करायचंच, हे सगळ्यांनीच ठरवलं. सरांचा एक विद्यार्थी वैभव, अकोल्यात त्याचा स्टुडिओ आहे, लग्नाची आणि जयंतीची गाणी करतो. तो म्हणाला, सरांचं काम आहे, सगळं माझ्याकडं. एका रविवारी आठ पोरी, आठ पोरं, शेषराव भाऊ, मी आणि सरांची पेटी अकोल्याला जायचं ठरलं. आदल्या दिवशी मी पेटी कपाटातून काढली. फोटो निघणार, व्हिडिओ निघणार, आणि पेटीवर हे एवढं मळाचं पुट. सरांची पेटी अशी दिसावी? मी प्रयोगशाळेतून स्पिरिट काढलं, पोरींच्या हातात कापूस दिला आणि उभं राहून पेटी पुसून घेतली. पट्ट्या अशा निघाल्या की जणू कालच घेतलेली पेटी. मी पोरींना शाबासकी दिली.

स्टुडिओत वैभवनं ट्रॅक तयार ठेवला होता. बासरी, ढोलक, सगळं भरलेलं, ऐकायला फार गोड. शेषराव भाऊंना त्यानं काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावला. भाऊंनी नवा पांढरा सदरा घातला होता. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. पुन्हा घेतलं. पुन्हा चिरकला. चौथ्यांदा वैभव फार अदबीनं म्हणाला की भाऊ, सुरुवात पोरींकडून घेऊ, तुम्ही मागं नुसता ताल धरा, व्हिडिओत तुम्हीच दिसाल.

भाऊंनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला, बाहेर आले आणि जिन्यात पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "माहा घसा गेला, बाई. थ्या मशीननं रक्तासंगं घसाही धून नेला." खणखणीत आवाजाचा माणूस तो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसतही नव्हते.

मी आत येऊन वैभवला म्हटलं, घसा गेला नाही, तुझा ट्रॅक वर आहे. सर एवढ्या वर कधीच म्हणत नव्हते. तो म्हणाला, मॅडम, काळी चार धरली आहे, खाली आणायला एक मिनिट लागतं, पण किती खाली ते सांगा, सरांची पट्टी कोणती? मी म्हटलं, थांब, दाखवते. आणि पेटी उघडली.

पट्ट्या चकाचक. टिकली कुठंच नाही. डिंकाचा डागसुद्धा नाही. मीच स्पिरिटनं पुसून घेतला होता. चोवीस वर्षं त्या माणसानं माझ्यासाठी तिथं टिकली लावली आणि मी उभं राहून ती पुसायला लावली. मला त्या पोरांसमोर रडू आलं. काळी होती की पांढरी, तेसुद्धा मला आठवेना. मी कधी पट्टी पाहिलीच नव्हती, मी टिकली पाहायचे.

वैभवनं अंदाजानं ट्रॅक उतरवला. भाऊंना आत बोलावलं. थोडं जमलं, थोडं नाही. आणखी उतरवला, तर पोरींचा आवाज बसला. असं तीनदा झालं. मग भाऊंनी हात जोडले. "माह्यासाठी काहून गानं मोडून राहिले तुमी? सराचं गानं हाय. ते जसं हाय तसं म्हना. म्या ताल धरतो." म्हणजे त्यांना वाटत होतं की आम्ही त्यांच्या आजारपणाची कीव करतोय. आणि कीव करून दिलेली सुरुवात त्यांना नको होती.

मी म्हटलं, भाऊ, शाळेत तुम्ही कसं म्हणायचे? पेटी तर वऱ्हांड्यात, तुम्ही तिकडं निंबाखाली. पेटी सुरू व्हायच्या आधी मी तुम्हाला गुणगुणताना ऐकलं आहे. कुठून धरायचे?

ते गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. "टोलावून. दुसरं कुठून?"

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. टोल दिला की गज खाली ठेवायचा. ठोका विरतो, पण रूळ आतून वाजत राहतो. त्यात सूर असतो. सरांनी शाळेत आल्या वर्षीच पेटीची पट्टी त्या टोलाला जुळवून घेतली होती. पेटी कोणी मागून नेईल, बिघडेल, सर असतील नसतील, पण टोल कोण नेतो? पोरगं पाचवीत आलं की दहावीपर्यंत रोज तोच टोल ऐकतं, त्याच्या अंगात तो सूर आपोआप भिनतो. आणि त्या सुरात सगळ्यांचा गळा मावतो, फुटलेलासुद्धा. "तुमाले मालूम नव्हतं काय?" शेषराव भाऊंनी विचारलं.

नव्हतं. मी दरवर्षी आठवीला नादकाटा रबरी पॅडवर आपटून कंपनं शिकवते. शाळेच्या अंगणात हातभर नादकाटा टांगलेला होता, तो मला दिसला नाही.

मी वहिनींना फोन लावला. फाटकाची किल्ली रविवारी त्यांच्याकडंच असते. म्हटलं, वहिनी, शाळेत जा आणि टोल द्या. मोबाइल टोलाजवळ धरा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "एकच देऊ का शाळा सुटल्यावानी लय देऊ?" मी म्हटलं, एकच.

फोन वैभवनं मोठ्या आवाजावर ठेवला. फाटक कुरकुरलं, वहिनींच्या चपला ऐकू आल्या, निंबावरच्या साळुंक्या ऐकू आल्या. मग टोल पडला. स्टुडिओतली सोळाच्या सोळा पोरं एकदम ताठ उभी राहिली, सवयीनं. ठोका विरला. मागं एक बारीक, खालचा, लांब आवाज राहिला. शेषराव भाऊंनी डोळे मिटले आणि हेडफोनबिडफोन काही न लावता, होते तिथंच उभं राहून सुरू केलं. पानी खारं आमच्या गावचं. आवाज कुठंही चिरकला नाही. दुसऱ्या ओळीला पोरं आली, फुटक्या गळ्याची, बिनफुटक्या गळ्याची, सगळी. वैभवचा हात त्याच्या कीबोर्डवर पट्टी शोधत होता. सापडल्यावर तो इतकंच म्हणाला, "काळी एक. जरा उतरलेली." मी सरांच्या पेटीवरच्या त्या पट्टीवर बोट ठेवलं. बोटाला लगेच ओळख पटली.

फोनवर वहिनी अजून होत्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी टोलापाशी मोबाइल धरून ठेवला होता.

गाणं पुष्कळ फिरलं. गाण्याच्या सुरुवातीला वैभवनं तो टोल तसाच ठेवला, साळुंक्यांसकट. पुण्यामुंबईकडं, कुठं कुठं गेलेल्या आमच्या पोरांनी फोन केले, की मॅडम, टोल ऐकला आणि ऑफिसात उभे राहिलो. गाडी झाली. जुनी आहे, पण सोमवार-गुरुवार दारात येते. शेषराव भाऊ पुढं बसतात, ड्रायव्हरशेजारी. पेटीवर मी नवी टिकली लावली, माझ्या पाकिटातली. प्रार्थना भोंग्यावर बंद केली आहे. माझा तास पुन्हा उशिरा सुरू होतो.

पण एक गोष्ट मला त्या रविवारी परतीच्या वाटेवर समजली, आणि ती मी कुणाला बोलले नाही.

सर शेवटचे शाळेत आले तो दिवस. रजेवर होते, तब्येत फार उतरली होती. पेटी दुरुस्तीला अकोल्याला गेलेली, म्हणून मी प्रार्थना तोंडीच सुरू केली. टिकली नाही, काही नाही, आवाज निघाला तिथून. पुष्कळ वर निघाला असणार. पोरं ओढत होती, मागची रांग गप्प झाली होती. तेवढ्यात सर फाटकातून आत आले. काठी टेकत, थांबत थांबत. पेटीच्या जागी आले नाहीत, निंबाकडं गेले. वाकून गज उचलला, उजव्या हातानं, आणि ऐन प्रार्थनेत टोल दिला. एकच, हलका.

पोरं थांबली. काही हसली. मला वाटलं, झालं, सरांचं भान गेलं. बिचाऱ्यांना तास संपला की सुरू झाला ते कळेना. मला वाईट वाटलं आणि पोरं हसली याचा रागही आला. शेषराव भाऊंनी मात्र लगेच पहिली ओळ धरली, खालून, आणि पोरं त्यांच्यामागं गेली, मागच्या रांगेसकट. मला वाटलं, भाऊंनी सरांची चूक सावरून घेतली.

प्रार्थना संपल्यावर मी निंबाखाली गेले. सर अजून गज धरून उभे होते. डावा हात, तो तानपुऱ्याचा, त्यांनी रुळावर टेकवला होता. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मी त्यांच्या हातातून गज काढून घेतला आणि मोठ्यानं, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्याशी बोलतात तसं म्हटलं, "सर, टोल चुकला तुमचा. प्रार्थना सुरू होती ना."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. तळहात थोडा वर उचलला, मग खाली घेतला.

"हो, बाई," म्हणाले. "चुकला असंन."